साचा सुकेपर्यंत

—नाही हो काका, दुखायचं काय त्यात, नुसतं गार लागतं. आत कापसाचा बोळा बसवलाय, त्याचा दोरा हा इथं बाहेर लोंबतोय, त्यामुळे मापाचा हा लगदा कानाच्या पडद्यापर्यंत जायची भीती नाही — हं, मान अशीच ठेवा. झालं. आता दोन्ही कान बंद, आणि मुख्य म्हणजे तोंड बंद. बोलायचं नाही, हसायचं नाही, जांभई आली तर गिळायची. जबडा हलला की कान आतून हलतो, कान हलला की साचा वाकडा येतो, आणि वाकडा साचा बसवला की कानातलं मशीन दिवसभर शिट्ट्या मारतं — मग तुमची सूनबाई येणार माझ्याशी भांडायला. ती खाली फळं घ्यायला गेलीय ना? गेली असू दे. साचा सुकेपर्यंत तुम्ही आणि मी. डोळ्यांची उघडझाप करा हवी तेवढी, तिला बंदी नाही.

ऐकू येतंय का आता? — काका? — अहो, तुमच्या घराला आग लागलीय! — नाही, कपाळावर आठीसुद्धा नाही. बरं झालं. तशी मी रोजच बडबडते कान भरलेल्या माणसासमोर — गुडघा दुखतो, मालक पंखा दुरुस्त करत नाहीत, काहीही. माणूस घाबरलेला असतो, समोर कुणाचं तरी तोंड हलताना दिसलं की त्याला बरं वाटतं. पण आज सरळ सांगते, आज मी तुमच्यासाठी नाही बोलत. मलाच धीर हवाय म्हणून बोलतेय. माझ्या पाठीमागं ती काच आहे ना, काचेपलीकडं बाक आहे, आणि बाकावर राखाडी स्वेटर घातलेली एक बाई बसलीय — अहो, तिकडं कशाला बघताय, माझ्याकडं बघा — तर तुमच्यानंतर तिला आत घ्यायचंय. माझी मैत्रीण. होती. आहे. काय म्हणायचं ते मलाच कळत नाहीये. आणि ती आत आली की काय बोलायचं, हे मला सुचत नाहीये. मला! जिच्या तोंडाला कुलूप घालायला माझा नवरा लग्नापासून किल्ली शोधतोय, तिला!

इथंच कामाला होती ती. त्या आतल्या खोलीत, चाकावर. मी कानाचं माप घेते, त्यावरून साचा ओततात, आणि तो घासून गुळगुळीत करायचं काम तिचं. मला या कामाला लावलं तिनं, शिकवलंही तिनंच. पहिल्याच दिवशी मी एका आजीबाईंशी पाठमोरी बोलत होते, तर हिनं खांद्याला धरून मला गर्रकन फिरवलं — 'समोर बघून बोल. ओठांवर हात नको. सावकाश, शब्द तोडून. एका वेळी एकच गोष्ट. आणि किंचाळू नकोस, आवाज भरून बोल.' इथं आम्ही सगळेच असं बोलतो. घरी गेलं तरी सुटत नाही. माझा नवरा म्हणतो, मीठ मागतेस की हुकूम सोडतेस. आणि हिचा आवाज तर असा, की आम्ही तिला भोंगाच म्हणायचो. भोंगा आला, भोंगा जेवायला बसला. तीही हसायची. आता त्या नावाची लाज वाटते मला. कारण कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही हो! जिथं सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघून, मोठ्यानं, सावकाश बोलतात, तिथं एकीला ऐकू येईनासं झालंय हे कळणार कसं? दुसऱ्या कुठल्या ऑफिसात असती तर आठवड्यात बोंब झाली असती. आमच्याकडं, कानाच्या दुकानात, वर्षानुवर्षं खपून गेलं. फोन वाजला की म्हणायची, 'तू घे गं, माझे हात भरलेत.' आणि हात खरंच भरलेले असायचे तिचे, भुकटीनं. चाकाच्या आवाजानं कान खाल्ले की वयानं, देव जाणे. मला ते कळलं ते इथं नाही कळलं. मैदानावर कळलं, गाणीबजावणी ऐकायला गेलो होतो तिथं.

एक बँड होता. तुमच्या वेळचा नाही — केस वाढवून गिटारी बडवणारी पोरं, आमच्या कॉलेजच्या दिवसांतली. आता त्यांचीही पोटं सुटलीत, गाणाऱ्याचं टक्कल दिव्यात चकाकतं. पण शेवटचा दौरा म्हणून जाहीर केलं होतं त्यांनी, गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर. ही एक दिवस जेवायच्या सुट्टीत दोन तिकिटं नाचवत माझ्यापुढं उभी. म्हटलं, वेड लागलं का, गुडघ्याला पट्टा बांधून रॉक ऐकायचं? तर म्हणे, पट्टा बांध नाहीतर कुबड्या घे, पण तू येतेयस. खरं म्हणजे मला यायचंच होतं. कॉलेजात असताना तिच्याकडं एक टेप होता, झाकण तुटलेला, रबरबँड लावून चालायचा, आणि त्यांची एकुलती एक कॅसेट. तिच्या घरी वरच्या मजल्यावर, वाळत घातलेल्या चादरींच्या मागं, आम्ही जमिनीवर उताण्या पडून ऐकायचो. त्यात एक गाणं होतं, संथ, एकाच गिटारीवरचं. एरवी आमची तोंडं मिटायची नाहीत — एकीचं वाक्य दुसरीनं तोडायचं, तिसरंच काहीतरी काढायचं, त्यातून भांडण, त्यातून हसू — पण ते गाणं लागलं की दोघी गप्प. माझं लग्न ठरलं त्या दिवशी ती माझे केस विंचरत होती आणि मी त्या गाण्यावर ढसाढसा रडले, आणि ती नुसती विंचरत राहिली. नवऱ्याला नाही सांगितलेलं मी हे कधी. तुम्हाला का सांगतेय, कोण जाणे.

तर गेलो. घरून निघताना मुलानं हसून घेतलं — आई, हाडं सांभाळ. तिनं नखं काळी रंगवली होती, बघा! मैदानावर ही गर्दी — गवत पार तुडवलेलं, तेलात काहीतरी तळल्याचा वास, मुतारीपुढं रांगा, आणि समोर ते काळे डबे एकावर एक रचून केलेली भिंत, आवाजाची. मी पर्समधून फोमचे बोळे काढले. कानाच्या दुकानातली बाई, आवाजात बोळ्यांशिवाय गेली तर काय इज्जत राहील? माझे मी घातले, तिचे तिला दिले. तिनं खिशात टाकले. म्हटलं, घाल की. तर म्हणे, मला नकोत, मी ऐकायला आलेय. आणि माझा हात धरून माणसांतून घुसत थेट पुढं, लोखंडी कठड्यापाशी, त्या डब्यांच्या समोर.

सुरू झालं तेव्हा अजून उजेड होता. बाप रे, काका, काय तो दणका. कानात नाही, बरगड्यांत वाजत होतं. ती दोन्ही तळहात कठड्यावर पसरून उभी, डोळे मिटलेले, आणि चेहरा असा खुललेला — तसा तिचा चेहरा मी कॉलेजनंतर पाहिलेला नव्हता. आणि मग नाचली हो ती! आजूबाजूची पोरंपोरी ओरडायला लागली, काकू, जोरात! मग मी कशाला मागं राहते — गुडघा गेला खड्ड्यात, मीही नाचले. आयुष्यातली सगळ्यात छान संध्याकाळ कुठली असं कुणी विचारलं तर मी ती तेवढी सांगेन, अंधार पडेपर्यंतची. एक गोष्ट मात्र दिसत होती मला, डोक्यात शिरत नव्हती: गाणं संपलं की ती आधी माझ्याकडं बघायची, मग टाळ्या वाजवायची.

मग अंधार पडला. गाणारा पुढं आला, म्हणाला, आमचा ड्रमवाला मित्र यंदा आमच्यात नाही, पुढचं गाणं त्याच्यासाठी, जरा शांत राहा. सगळे दिवे घालवले. मोठा पडदाही काळा. आणि लागलं ते आमचं गाणं. एवढं मैदान, एवढी माणसं, पण कुणी खोकलं नाही. मी बोळे उपसून टाकले कानांतले. माझ्या डोळ्यांना आधीच धार लागलेली. आणि माझ्या शेजारून भोंगा वाजला — 'का गं थांबले? संपलं का?' मैदानाच्या त्या टोकाला ऐकू गेलं असेल. कुणीतरी हसलं. कुणीतरी शूऽऽ केलं. मी तिचा हात दाबला, तर आणखी मोठ्यानं — 'अगं सांग ना! मला काही दिसत नाहीये, सांग ना, संपलं का?' दिसत नाहीये म्हणाली. ऐकू येत नाही असं नाही म्हणाली, दिसत नाहीये म्हणाली. आणि मग एका क्षणात सगळं — फोन, टाळ्या, कठड्यावरचे हात, तो आवाज — सगळं माझ्या पुढ्यात येऊन पडलं.

आणि मी काय केलं? जे इथं रोज करते तेच. मोबाइलचा दिवा लावला, माझ्याच तोंडावर धरला, ओठ दिसावेत म्हणून. तिच्या समोर सरकले. आणि — 'गाणं. चालू. आहे. आपलं. जुनं. गाणं. तुला. ऐकू. येत. नाही. का?' असं. बोटानं कान दाखवला, असा — मघाशी तुम्हाला दाखवला ना, तस्साच. आणि शेवटी जरा मान तिरकी करून हसलेसुद्धा. गिऱ्हाइकानं घाबरू नये म्हणून हसतो आम्ही, ते हसू. लोक बघत होते. त्या उजेडात तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, पाहत राहिली, आणि मग हात पुढं करून दिव्यावर तळहात ठेवला. मोबाइल माझ्याच हातात होता, तिनं नुसता उजेड झाकला. बाकीचं गाणं आम्ही दोघींनी अंधारात काढलं. मी ऐकलं की नाही, आठवत नाही.

आता तुम्ही सांगा, माझं चुकलं काय? दुसरं काय करायला हवं होतं मी? तिचीच शिकवण ना ती — उजेडात या, ओठ दाखवा, शब्द तोडा? परतीच्या रस्त्याला दिव्याच्या एका खांबाखाली ती थांबली. खूप हळू बोलली. किती हळू ते तिलाही कळलं नसेल. म्हणाली, 'इतकी वर्षं लपवलं ते कामासाठी नव्हे गं. काम दुसरं मिळालं असतं. मला माहीत होतं, कळलं की तू माझ्याशी असं बोलायला लागशील.' बस्स, एवढंच. मी म्हणायला गेले, वेडी आहेस का — आणि माझं मलाच ऐकू आलं. वेडी. आहेस. का. तिच्या समोर, ओठ उघडून, तोडून तोडून. मला थांबवताच येईना हो ते! ज्या बाईशी मी श्वास न घेता बोलत आले, तिच्याशी. आणि साधं बोलावं, तर तिच्यापर्यंत पोचायचं कसं?

थोड्याच दिवसांत काम सोडलं तिनं. मालकांना म्हणाली, पाठ दुखते. मी तिच्या घरी जायचे अधूनमधून. मी आपली लहान लहान वाक्यं बोलायची — जेवलीस का. औषध घेतलंस का. मुलगी कशी आहे. ती म्हणायची, हो. घेतलं. बरी आहे. समोरासमोर बसलेल्या दोन बायका, आणि मधे ना भांडण ना हसू. एकदा तर तिनं मला चहा दिला आणि 'साखर. बरोबर. आहे. का.' असं तिनं मला विचारलं. माझ्याच सुरात. टोमणा होता की काय होतं, मला विचारायची हिंमत झाली नाही. मग माझं जाणं कमी झालं. लोकांना सांगते, ती रुसलीय. रुसलीबिसली नाही हो. मला माझा तो आवाज सहन होईना, म्हणून मी जायची थांबले. हे मी पहिल्यांदाच बोलतेय. मोठ्यानं तरी पहिल्यांदाच.

आणि आज ही आली. सोबत कुणी नाही. बाहेर टेबलावर नावं लिहून घेणाऱ्या बाईंनी नाव विचारलं, तर आडनावासकट पूर्ण नाव सांगितलं, जशी काही पहिल्यांदाच जिना चढलीय. मशीन बसवून घ्यायचं ठरवलं असणार. म्हणजे माझ्यासमोर या खुर्चीत बसायचं, कान भरून घ्यायचे, तोंड बंद ठेवायचं. दुसरीकडं कुठंही जाऊ शकली असती, कानाची दुकानं काय कमी आहेत? इथंच आली. याचा अर्थ काय घ्यायचा मी — अं? हसलात तुम्ही? नाही, ओठ नाही हलले, पण डोळ्यांनी हसलात. थांबा. काका — तुम्हाला कळतंय का मी काय बोलतेय ते? कळत असेल तर डोळे मिटा एकदा. — अरे देवा. ओठांवरून? सगळं? म्हणजे घराला आग लागल्याचंही? आणि तसेच बसून राहिलात! धन्य आहात. आणि सूनबाई बाहेर सांगते, यांना काही कळत नाही म्हणून.

असू दे. आता अर्ध्यावर थांबून काय फायदा. मग हेही ऐका — लगदा सुकलाय तुमचा. मघाशीच सुकलाय, मी नखानं दाबून बघितला तेव्हाच. मुद्दाम बसवून ठेवलंय तुम्हाला. आणि ही माझी खुर्ची रोज अशी नसते. रोज माझं तोंड काचेकडं असतं, बाहेर कोण घाबरलंय, कोण कंटाळलंय ते दिसावं म्हणून. ती जिन्यातून वर आलेली दिसली आणि मी खुर्ची फिरवून घेतली. — काय? हो, मला माहीत आहे बरं नाही केलं ते, डोळे नका मोठे करू. एक मिनिट द्या मला. काय म्हणू मी तिला? 'मेले, कुठं उलथली होतीस इतके दिवस, तुझ्यावाचून इथं माशी हलत नाही' — असं म्हणू? असं, एका दमात, आम्ही बोलायचो तसं? तिच्यापर्यंत अक्षर पोचणार नाही. आणि 'तू. कशी. आहेस.' असं म्हटलं तर पोचेल, पण ते मी बोललेलं नसेल, दुकान बोललेलं असेल. यांच्या मधलं काही असतं का हो? तुमच्या घरी कोण कसं बोलतं तुमच्याशी? कुणाचं बोलणं आवडतं तुम्हाला? नातवाचं? — बोट खाली घ्या, काका. नंतर सांगा. खाज सुटली असेल आत, सुटते सगळ्यांना. — मला वाटतं मी आधी काहीच बोलू नये. नुसतं बसवावं तिला, तो टॉवेल खांद्यावर टाकावा, केस कानामागं घ्यावेत तिचे. पांढरे झालेत पार, पाहिलेत ना तुम्ही? बोलणं सुचलं तर सुचलं. नाही सुचलं तर ती शिव्या देईल, मग मी देईन — अहो, हात काय करताय असे? काच? काचेचं काय? मान हलवू नका म्हटलं ना! बरं बाबा, काढते, काढते. मान तिरकी. फट् वाजेल जरासं. हा एक. हा दुसरा. बघा किती सुरेख आलाय, कुठं फुगा नाही, कुठं—

हं, बोला आता. काय म्हणत होतात? — कोण? — कधी? — मघाशीच? मग बोलला का नाहीत?

— हो. हो, मीच म्हटलं होतं.

बाक रिकामा आहे. टेबलावरच्या बाई म्हणतायत, उठून बराच वेळ काचेपाशी उभी होती, आत बघत. काय दिसलं असेल तिला आत? माझी पाठ. आणि मी कुठं तोंड करून बसते ते तिच्याइतकं कुणाला माहीत आहे! ती बघा — खिडकीतून — राखाडी स्वेटर, रस्त्यापलीकडं, थांब्यावर. हाक मारली तर सगळा रस्ता वळून वर बघेल, तीच तेवढी बघणार नाही. — बस आली.

चढली.

जा तुम्ही, काका. सूनबाई आली बघा तुमची. साचा तयार झाला की निरोप पाठवतो. — नाही, मला काही झालेलं नाही. — अहो, ओरडू नका हो असे, मला ऐकू येतं. मला सगळं ऐकू येतं. जा तुम्ही.